रिकामी ताटं आणि उपाशी चन्नबसम्मा

"जमादार, त्या म्हातारीचं अन्न म्या खाल्लं न्हाई. एवढं शोधून काढा, मंग मला कुटं बी हाकला."

धुरपताबाई सटवाजीच्या दारात उभी होती. सोनपेठहून गंगाखेडपर्यंत पायी आणि पुढं रेल्वेनं परभणी, अशी ती आली होती. ओसरीवर पान जुळवत बसलेले माणिकराव दिसले, तसा तिनं पदर तोंडापर्यंत ओढला.

माणिकरावांचा हात चुन्याच्या डबीवर थांबला. बाई त्यांच्याच सदनात कामाला होती.

परभणीच्या मोंढ्यात माणिकरावांची कापसाची अडत होती. सोनपेठला निराधार म्हाताऱ्यांसाठी त्यांनी सदन बांधलं होतं. गाव त्याला म्हाताऱ्यांची धर्मशाळा म्हणायचं. सटवाजी गव्हाणे निजामाच्या पोलिसात जमादार होता. खोट्या पंचनाम्यावर सही करीना, म्हणून घरी बसला. आता लोकांचे चोरीला गेलेले बैल, दागिने, कधी हरवलेली माणसं शोधून द्यायचा. माणिकरावांना त्याच्या तपासाची भारी हौस. ते सोबत जायचे आणि दर वेळी आधी चुकीच्या माणसावर बोट ठेवायचे.

आजही त्यांनी ते ठेवलं.

"ताट रिकामं येतं आणि म्हातारीच्या पोटात काही नाही. मग अन्न गेलं कुठं, धुरपता?"

"त्येच इचारायला आले, मालक. ताट वाढून म्या बाप्यांच्या दालनात जाते."

"म्हातारी कोण?" सटवाजीनं विचारलं.

"चन्नबसम्मा. बिदरकडची. कुनी तरी आनून सोडली, मागं-म्होरं कुनी न्हाई. लकव्याच्या झटक्यानं वाचा गेली, पाय गेले. हात तेवढे चालत्यात. आता पार वाळलीया. हकीमसाहेब म्हनले, रोग न्हाई, उपासमार हाय. कारभारी म्हनले, तू खातीस तिचं. पोलीस अमीनाच्या हवाली करनार हायती मला."

"जेवण कधी सुटलं?"

"मालक मागल्या खेपेला तपासनीला येऊन गेले ना, त्या दिसापासून वाळाय लागली. पंधरा दिस झाले. तवर लय चांगली जेवायची."

माणिकरावांना ते लागलं. "म्हणजे माझी नजर लागली होय तिला?"

"लागली असेल," सटवाजी पायात वहाणा सरकवत म्हणाला. "चला, बघून येऊ."

*

सदन बघून कुणीही खूश झालं असतं. भिंतींना ताजा चुना, सारवलेली जमीन, प्रत्येक खाटेवर धुतलेली गोधडी. दान करणाऱ्याला आपण दिलेली जागा स्वच्छच दिसते. डोळे त्याचे आणि चुनाही त्याचाच. माणिकराव महिन्याला येत, ज्वारी मुठीत घेऊन बघत, रांजणात डोकावत, खाटेखाली काठी फिरवत आणि समाधानानं परत जात. कुठल्या म्हाताऱ्याशेजारी ते कधी बसले नव्हते. बसायला वेळ कुठला?

"मागं इथल्या बायनाबाईचा तोडा चोरीला गेला," ते सटवाजीला म्हणाले. "तेव्हाच ठरवलं. मागल्या खेपेला माझ्यासमोर अंगावरची झाडून सगळी चांदी उतरवली आणि पेटीत घातली. किल्ली इथं." त्यांनी कमरेच्या करगोट्यावर थाप मारली. "त्यानंतर एक चोरी नाही."

"पेटी इथं आणि किल्ली परभणीला?"

"म्हणून तर चोरी नाही."

कारभारी बन्सीधर हात जोडून पुढं आला. गोरा, नीटनेटका माणूस. धोतराला एक डाग नाही.

"मी स्वतः ताटं तपासतो, जमादार. चन्नबसम्मेचं ताट चाटूनपुसून येतं. आता ती खात नसेल, तर वाढणारीच खाते. दुसरं कोण?"

"ती जेवताना तुम्ही बघता?"

"बायकांच्या दालनात जेवणाच्या वेळी मी जात नाही."

"म्हणजे ताट बघता. तोंड बघत नाही."

बन्सीधरनं धोतराचा सोगा सारखा केला. माणिकराव सटवाजीच्या कानाशी लागले, "घाबरलाय. हाच ज्वारी विकत असणार."

सटवाजी बायकांच्या दालनाकडे वळला.

बायनाबाईची खाट चन्नबसम्मेच्या खाटेला अगदी खेटून होती. बाई गोल गरगरीत. दंडात रुतलेली चोळी सैल करत ती म्हणाली, "हितलं खानं लय मानवलं बगा. आल्यापासनं चोळ्या उसवून घ्याव्या लागल्या. मागल्या आठवड्यात तर दोनदा."

"शेजारीण कशी आहे?"

"मायाळू हाय. बोलती कुटं, पन लय मायाळू."

मग ते चन्नबसम्मेपाशी गेले. खाटेवर जणू नुसती गोधडीच पडली होती. डोळे मात्र जागे होते. माणिकरावांना बघताच तिनं छातीवर हात आपटला, एकदा, दोनदा. मग डावा हात पुढं केला. तळवा आभाळाकडे, पसरलेला. उजव्या हाताची बोटं त्या तळव्यावर गोल फिरवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"छातीत दुखतं तिच्या," बन्सीधर म्हणाला. "हकिमाचा लेप चालू आहे."

"अन् सारकी कायबाय मागती," धुरपताबाई म्हणाली. "म्या बत्तासा दिला. फेकला."

 माणिकरावांनी खिशातून निजामाचा एक हाली रुपया काढला आणि त्या तळव्यावर ठेवला. म्हातारीनं हात कलता केला. रुपया जमिनीवर पडून घरंगळत खाटेखाली गेला. तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मानी आहे बाई," माणिकराव म्हणाले.

सटवाजी त्या रिकाम्या तळव्याकडे बघतच राहिला होता.

"धुरपताबाई, आधी जेवायची म्हणता. जेवणाआधी काय करायची?"

"आंगूळ घालायचे मी. मंग चुलीतली राख मागायची खुनेनं, कपाळाला लावायची. डोस्क्यावरनं पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची वाईच. आमी म्हनायचो, लाजाळू हाय. मंग जेवायची."

"आणि आता?"

"आता राख बी मागत न्हाई."

"तपासणीच्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"नदीला. समद्या गोधड्या धुवायला धाडलं व्हतं. मालक येनार म्हनून."

*

दुपारची ताटं वाढून झाली. सटवाजीनं सगळ्यांना दालनाच्या दाराआड उभं केलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

चन्नबसम्मेनं ताटाकडे बघितलंही नाही. दोन बोटांनी तिनं ते शेजारच्या खाटेकडे सरकवलं. बायनाबाईनं आपली भाकरी संपवली आणि ते ताट ओढून घेतलं.

धुरपताबाईनं पदरानं डोळे पुसले. बन्सीधरनं मान खाली घातली.

"तर ही चोर," माणिकराव कुजबुजले.

"चोर कसली? दिलेलं खाते ती. मायाळू म्हणून सांगितलं की तिनं, आपण ऐकलं नाही." सटवाजी ओसरीवर येऊन बसला. "धुरपताबाईचा प्रश्न सुटला. आता खरा प्रश्न. भूक आहे, अन्न आहे, हात चालतात, रोग नाही. तरी बाई ताट का सरकवते?"

"वेड लागलं असेल."

"वेड्या माणसाला तपासणीचा मुहूर्त लागत नाही, माणिकराव. त्या दिवशी इथं नवीन काय झालं? गोधड्या धुतल्या आणि चांदी उतरवली. बाकी सगळं रोजचंच." तो बन्सीधरकडे वळला. "चन्नबसम्मेच्या अंगावरून काय काढलं?"

"गळ्यातली चांदीची डबी. दोऱ्यात ओवलेली."

"डबीत काय होतं?"

बन्सीधर अडखळला. "त्यांचं... लिंग असतं ना, वाणी लोकांचं. ते. मी म्हणालो होतो मालकांना, की देव आहे. मालक म्हणाले, चांदी ती चांदी."

माणिकरावांना तो क्षण आठवला. घाई होती. गाडी चुकली असती. म्हातारी डबी दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली होती. तेव्हा त्यांना तो म्हातारपणाचा लोभ वाटला होता.

"लिंगायत बाई ती," सटवाजी सांगू लागला. "लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. आंघोळ, भस्म, मग लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, पूजा करायची आणि त्यानंतरच अन्नाला शिवायचं. भिंतीकडं तोंड करून ती लाजत नव्हती, पूजा करत होती. छातीवर हात मारून सांगत होती, इथलं गेलं. तळवा पसरून दाखवत होती, इथं ठेवायचं ते द्या. तिनं वाचा नसताना जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. एकानं लेप दिला, एकीनं बत्तासा दिला."

तिसऱ्यानं काय दिलं, ते त्यानं म्हटलं नाही.

"आमच्या गल्लीतले वाणी तर लिंग खुंटीला टांगून जेवतात," माणिकराव म्हणाले.  "मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं, हा गुन्हा नाही. मी जमादार असताना कोठडीतल्या एका म्हाताऱ्यानं मला हे शिकवलं, तोवर मलाही माहीत नव्हतं. पण बाई तुमच्यासमोर रडत होती आणि तुम्ही कुलपाचा खटका बसला का ते बघत होता. तुम्ही इथली ज्वारी तपासली, चुना तपासला. माणूस तपासायचा राहिला. आणि तो राहिल्याबद्दल या बाईला अमीनाकडं पाठवत होता."

धुरपताबाई पुटपुटली, "माझं बी चुकलं. गळा मोकळा दिसला मला. म्या तिला म्हनलं, रडू नगं, देव पेटीत सुखरूप हाय."

माणिकराव उठले. करगोट्यातून किल्ली सोडवायला त्यांना फार वेळ लागला. पेटी उघडली. तोडे, वाळे, साखळ्या यांच्या ढिगात डबी होती. ती उचलायला त्यांनी हात घातला आणि मागं घेतला. बाहेर जाऊन त्यांनी हात धुतले आणि तरीही डबी धुरपताबाईलाच काढायला लावली.

धुरपताबाईनं म्हातारीचं अंग पुसलं, राख आणली, पाणी आणलं. दार ओढून घेतलं. बाहेर पुरुष उभे राहिले. 

खूप वेळानं दार उघडलं. "आंबील पेली," ती म्हणाली. "चार घोट. अजून मागायलीय."

माणिकरावांनी भिंतीला पाठ टेकली. बन्सीधरनं दोन्ही हात जोडून डोळे मिटले.

"बाकीच्यांचंही ज्याचं त्याला देऊन टाका," सटवाजी म्हणाला. "चोरी झाली तर मी बसलोय शोधायला."

माणिकराव पेटी घेऊन स्वतः खाटेखाटेशी गेले. ज्याचं त्याच्या हातात देत गेले. कुणी दंडाचा ताईत कपाळाला लावला, कुणी साखळी दोनदा पारखून घेतली. शेवटी पेटीच्या तळाशी आणखी एक डबी उरली. पहिलीसारखीच, जरा मोठी, काळी पडलेली.

"ही कुणाची?"

बन्सीधरनं धुरपताबाईकडे बघितलं. मग तीच म्हणाली.

"शिवरुद्र आप्पाची, मालक. मागल्या सोमवारी गेले ते."

"तो वयानं गेला," माणिकराव म्हणाले. "मला निरोप आला होता. मी कापड पाठवलं."

"जेवन सुटलं व्हतं त्येंचं बी. डबी गेल्यापासनं कुनाशी बोलले न्हाईत. कारभाऱ्यानं तुमाला कळवलं व्हतं. तुमी सांगून धाडलं, म्हातारपनात भूक मरतीच."

माणिकरावांनी सटवाजीकडे बघितलं. याचंही काही तरी स्पष्टीकरण तो देईल, निदान दुसऱ्या कुणावर बोट ठेवेल, असं त्यांना वाटलं असावं. सटवाजीनं फक्त विचारलं, "कुणी आहे का त्याचं?"

"लेक हाय. येलदरीकडं दिलीया."

"मी गड्याबरोबर पाठवून देतो," माणिकराव म्हणाले.

"न्या," सटवाजी म्हणाला. "तुम्ही न्या."

बैल जुंपून धमणी दारात आली. माणिकराव पांढऱ्या रुमालात बांधलेली डबी दोन्ही हातांत धरून आत बसले. गाडीवानानं कासरा सैल केला आणि मागं वळून विचारलं, "येलदरीला कुणाच्या घरी, मालक?"

माणिकरावांनी तोंड उघडलं. आप्पाच्या लेकीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. येलदरीकडचं नेमकं गावही ठाऊक नव्हतं. ते खाली उतरले आणि धुरपताबाईला विचारायला परत आत गेले.