नानांच्या वाट्याचं पाणी

जळगावचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि रुचीच्या एकाही चित्रात हवा नव्हती! डोंगर कुणीही काढतं, मधली हवा काढ, असं तिचे अमळनेरचे वृद्ध चित्रकलाशिक्षक रतिलाल नाना तिला कधीपासून बजावत होते. शेवटी ऐन चैत्रात दोघं पहाटेच यावलच्या जंगलात शिरली. सातपुड्याच्या डोंगरधारेवरून दिसणारं तापीचं धुरकट निळं खोरं तिला कागदावर हवं होतं. नानांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्यांची पाण्याची बाटलीही तिनेच आपल्या पिशवीत टाकली.

चढ कसला, घसरगुंडीच! पायाखालचे दगड निसटत होते, काटेरी झुडपं बाह्या ओढत होती. पण धारेवर पोचल्यावर रुची सगळं विसरली. खाली केळीच्या बागा, पलीकडे नदी, आणि तिच्याही पलीकडे नुसता उजेड! नाना अंजनाच्या झाडाच्या सावलीत आडवे झाले. रुचीने कागद ओला करून रंग सोडला. वाटीतलं पाणी गढूळ झालं की चित्रातला उजेड मरतो, म्हणून तिने ते ओतून ताजं घेतलं. पुन्हा ओतलं, पुन्हा घेतलं. तिची बाटली संपली, तेव्हा हात सरळ नानांच्या बाटलीकडे गेला. तो अडखळलासुद्धा नाही.

उतरताना वाट चुकली. ऊन भाजू लागलं. नाला ठणठणीत कोरडा! नाना मटकन खाली बसले.

"पानी शे का, बेटा?"

रुचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटलीच्या तळाशी उरलं होतं ते वाटीतून परत ओतलेलं, ब्रश धुतलेलं निळं पाणी. त्यात रुमाल भिजवून तिने नानांच्या कपाळावर ठेवला आणि ती नाल्यातून धावत सुटली. घसरली. गुडघा फुटला. उठली. वळणावर एक हिरवागार उंबर! खाली ओलसर वाळू! तिने दोन्ही हातांनी उकरायला सुरुवात केली. नखं सोलवटली, पण झिरा लागला! बाटली विसळून, भरून ती धापा टाकत परतली.

पाणी पोटात गेल्यावर नानांनी डोळे उघडले. कपाळ निळं झालेलं. थोडी धुगधुगी येताच त्यांनी आधी चित्र मागितलं आणि ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"हवा उतरली, बेटा. रंगाला एवढं नितळ पाणी कुठून आणलं?"

"तुमच्या बाटलीतलं, नाना."

नानांनी चित्र तिच्या हातात परत दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. हे चित्र प्रदर्शनात लावायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं. झिऱ्यावर नानांनी बाटली पुन्हा भरल्यावर तिने ती घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," नाना म्हणाले. बाटली त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी ते उतरू लागले.