मर्डोची राहिलेली उतरण

मर्डो मॅक्लिंटॉकचा स्नोबोर्ड हॅलर डोंगराच्या माथ्यावरच्या खाचेत उभा होता आणि संध्याकाळच्या जेवणाआधी तो खाली आणायचा होता. काम एवढेच. त्यासाठी त्याची मुलगी ब्रायडी क्राइस्टचर्चहून आली होती. जुलैपासून तिने बर्फावर पाय ठेवला नव्हता.

स्की क्लबाच्या झोपडीत शेगडीच्या वरून एक लांब तुळई जाते. क्लबातले कुणी गेले, की हंगामाच्या शेवटच्या जेवणाला त्याच्या स्की किंवा त्याचा बोर्ड त्या तुळईवर टांगायचा अशी तिथली रीत. भाषण नाही, प्रार्थना नाही. कुणीतरी शिडी धरते, घरचे माणूस वर चढते, आणि मग सगळे भाजलेल्या मटणाच्या जेवणाला बसतात. मर्डोसाठी नोरीनने, म्हणजे ब्रायडीच्या आईने, दोन खिळे स्वतः ठोकून ठेवले होते. त्याचा जुना बोर्ड गॅरेजमध्ये पडला आहे, तो लावू, असे कुणीतरी सुचवले तेव्हा ती म्हणाली होती, "तो त्याला आवडायचा नाही. त्यापेक्षा खिळे रिकामे राहू देत."

जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, मर्डो एकटाच वर गेला होता. खाचेत पोचला, उतरण्याआधी बर्फात बसला, थर्मासमधून चहा ओतला आणि पुन्हा उठला नाही. हृदय थांबले. वारा वाढायच्या आत हेलिकॉप्टरने त्याला उचलले. बोर्ड मात्र शेपटीवर उभा रोवलेला तिथेच राहिला. नंतरच्या वादळांनी तो गाडून टाकला. सप्टेंबर सरत आला, बर्फ खचू लागला, आणि समोरच्या धारेवरून दुर्बीण लावून बसलेल्या होरोमोनाला एक पिवळे टोक दिसले. आता वायव्येचा उबदार वारा सुटला, की खाचेतला सगळा बर्फ मागच्या कड्यावरून कोसळणार होता. बोर्डासकट. आणि तो वारा दुपारनंतर येणार होता.

होरोमोना पिटामा मर्डोचा जन्माचा मित्र. अंगाने दांडगा, एक गुडघा कामातून गेलेला, स्कीवर मात्र अजून लोण्यासारखा. ब्रायडी त्याला लहानपणापासून अंकल होरो म्हणते.

सकाळी दोघे दोराने वर निघाले. इथे खुर्च्यांचे पाळणे नाहीत. धावता दोर हातात धरायचा आणि कमरेला बांधलेला लोखंडी अडकित्ता त्यावर मिटायचा, की दोर माणसाला ओढत नेतो. दोर हातमोजे खातो, म्हणून वरून जाड कातडी मोजे चढवावे लागतात. ब्रायडीने वडिलांचे घातले होते. ते तिला एवढे मोठे होते, की बोटांच्या टोकांना लोकर कोंबावी लागली होती.

"मर्डोचे हात," होरो म्हणाला. "सांभाळ, नाहीतर दोर सोडणार नाहीत. त्याला कुठं थांबायचं ते कधी कळलंच नाही."

दोर संपला तिथून चढ सुरू झाला. बुटांना खिळ्यांचे सांगाडे बांधून ते घळीच्या कडेने चढू लागले. रात्री गोठलेला बर्फ काचेसारखा कुरकुरत होता. होरो पुढे, ब्रायडी मागे. मध्येच तिला वाटले, आपल्या मागे आणखी कुणीतरी चढते आहे. पायाखालचा तोच कुरकुर आवाज, आणि प्रत्येक वळणावर तो ओळखीचा कोरडा खोकला. ती थांबली की आवाज थांबे. चार वेळा मागे बघावेसे वाटले. तिने बघितले नाही. वर कुठेतरी किया पोपट किंचाळत होते, पण दिसत नव्हते.

खिंडीत पोचल्यावर होरो खडकाला टेकून बसला. नोरीनने बांधून दिलेली आल्याची वडी दोघांनी मोडून खाल्ली. इथून पुढची खडकांमधली उभी नळी अरुंद होती आणि होरोचा गुडघा तिथे चालणार नव्हता.

"मी इथंच थांबतो," तो म्हणाला. "ढग आला तर शिट्टी वाजवत राहीन. उतरताना उजव्या हाताला ये, शिट्टीवर."

"मध्ये नांगरट आहे."

"आहेच."

नांगरट म्हणजे वाऱ्याने कोरून काढलेला उतार. बर्फाचे गुडघ्याएवढे, दगडासारखे कडक वरंबे, एकामागून एक.

"डावीकडं गुळगुळीत दिसेल," होरो म्हणाला. "तुझा बाप तिकडनं जायचा, कड्याच्या डोक्यावरनं आडवा, आणि मग टिनपॉट घळीत. ती वाट त्याच्या पायाची आहे, पोरी. तुझ्या नाही."

हे तिला सांगायची गरज नव्हती. मर्डो उजवा पाय पुढे ठेवून उभा राही, ब्रायडी डावा. लहानपणी दोघे एकाच दिशेने शेजारी शेजारी घसरत जात, तेव्हा त्यांची तोंडे समोरासमोर येत, आरशातल्यासारखी. तसेच त्याने तिला शिकवले होते. तो खाली, ती वर. तो तिच्याकडे बघत, बोलत, तिला उतारावरून नेत असे. कमरेच्या वर चर्चमधला रविवार, म्हणे, आणि कमरेच्या खाली शाळेची सुट्टी. गुडघे नाचू देत, खांदे गप्प. आणि जिथे बघशील तिथे जाशील, म्हणून पडायच्या जागेकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

ती त्याच्याकडे बघत आली होती. आजवर.

नळी चढायला वेळ लागला. खाच एका माणसापुरती होती. बोर्ड तिथे उभा होता, अर्धा बर्फात, पिवळे टोक थोडे वाकलेले, एखाद्याने ऐकायला मान तिरकी करावी तसे. कियांनी पायाच्या पट्ट्यांचा फोम उपसून टाकला होता. शेजारी बर्फात एक उथळ खळगा होता. वाऱ्याने केला असेल. ब्रायडीने त्यात पाय ठेवला नाही. तिने कुऱ्हाडीने बोर्ड मोकळा केला, पाठीवरच्या पिशवीला उभा बांधला आणि स्वतःच्या बोर्डाचे पट्टे आवळले.

एवढ्यात गाल उबदार झाला.

वायव्येचा वारा! दुपार व्हायची होती, पण वाऱ्याला कुणी सांगितले नव्हते. कड्यामागून ढग उसळून वर आला, खाचेतून ओतला गेला आणि आधी खिंड, मग नांगरट, मग तिच्या बोर्डाचे टोक, सगळे पुसले गेले. वर कोणते आणि खाली कोणते हे फक्त पोटाला कळत होते.

उजवीकडून, खूप खालून, शिट्टी आली.

ब्रायडी निघाली. पहिल्याच वरंब्यावर बोर्ड आपटला, दुसऱ्यावर उडाला. पाठीवरच्या बोर्डात वारा भरला आणि तिला मागे खेचू लागला. जुलैपासून न हललेले गुडघे लाकडासारखे झाले होते. ती भ्यायली, टाचांवर बसली, आणि टाचांवर बसताच बोर्डाचे तोंड आपोआप डावीकडे वळले.

डावीकडे गुळगुळीत होते. एकही वरंबा नाही. किती सोपे!

आणि तिथे, तिच्या थोडा खाली, थोडा पुढे, कुणीतरी घसरत चालले होते.

निळे जाकीट. उजवा पाय पुढे. खांदे गप्प. ढगातून तो कधी पुरता दिसे, कधी नुसती हालचाल उरे. चवड्यांच्या कडेवर तोललेला, छाती डोंगराकडे, म्हणजे तिच्याकडे. टोपीच्या आत चेहरा होता, पण धुक्याने भरलेला. अजून थोडे जवळ गेले की दिसेल, असे तिला वाटले. दोन हात जवळ. वेग वाढत होता आणि भीती नव्हती. पायही सैल झाले होते. कितीतरी दिवसांनी तिला नीट श्वास येत होता. शिट्टी मागे कुठेतरी राहिली.

"बाबा," ती म्हणाली.

तो थांबला नाही. आणि बोललाही नाही. तेच पहिले खटकले. मर्डो उतरताना कधीच गप्प नसे.

मग बर्फ बदलला. टाचेखालची कड खडखडू लागली, दात वाजावेत तशी. खाली निळा बर्फ होता. ब्रायडीला आपल्या बुटांच्या टोकांपलीकडे बघावे लागले, आणि टोकांपलीकडे काही नव्हते. ढगाला एक भोक पडले आणि त्यातून खूप खोल, टिनपॉटचे काळे दगड दिसले.

त्याची छाती डोंगराला होती. तिची पाठ.

तो चवड्यावर होता. चवडा बर्फाला धरतो, बोटांनी पकडावे तसा. ती टाचेवर होती, आणि टाच नुसती टेकते. हीच वाट, हाच वेग. त्याला डोंगर समोर होता आणि तिला खाई. वाटेत काही खोट नव्हती. ती फक्त तिच्या पायांची नव्हती.

टाच सुटली! ती हातभर घसरली, थांबली, पुन्हा घसरली. वारा आला आणि पाठीवरच्या बोर्डाने तिला खाईकडे ढकलले. आता उजवीकडे वळायचे तर एकच मार्ग होता. बोर्डाचे तोंड आधी सरळ खाली, त्या भोकाकडे सोडायचे आणि मग चवड्यावर यायचे. पाठीवर हे शीड बांधून ते होणार नव्हते.

तिला ते लगेच कळले. हाताला मात्र वेळ लागला. कातडी मोज्यातली मोठी, लोकर भरलेली बोटे पट्ट्याच्या कडीवर गेली आणि तिथेच थांबली. खाली झोपडीत दोन खिळे होते. शिडी धरून आई उभी असणार होती.

तिने कडी ओढली.

बोर्ड पाठीवरून सुटला, बर्फावर पालथा पडला, उताणा झाला आणि सरळ झाला. क्षणभर जागच्या जागी थरथरला. मग त्याचे पिवळे टोक डावीकडे वळले आणि तो निघाला, आडवा, कड्याच्या डोक्यावरून, निळ्या बर्फावर एक पांढरी रेघ ओढत. बिचकला नाही, गिरकी खाल्ली नाही. अनुभवी माणूस उभा असावा तसा, चवड्याच्या कडेवर कललेला. जिथे ते निळे जाकीट होते तिथे तो पोचला, आणि मग ढगात दोन्ही नव्हते.

बघत राहावेसे वाटले. सगळ्या आयुष्यात एवढे कधी वाटले नव्हते.

ब्रायडीने नजर उचलली आणि उजवीकडे लावली, जिथे काहीच दिसत नव्हते, नुसती शिट्टी होती. पुढचा गुडघा वाकवला. छाती खाईवर झोकली. बोर्डाने तोंड खाली केले, एक श्वास, दुसरा, आणि मग चवड्याची कड बर्फात रुतली. डोंगर समोर आला! एवढा जवळ, की हाताने शिवावा.

आता नांगरट. थांबायला जागा नव्हती. अशा वेगात कड दाबली तर वरंबा पकडतो आणि माणसाला उलटवतो. सपाट सोड. जाऊ दे. पहिला वरंबा आला, गुडघे छातीपर्यंत आले, डोके तिथेच राहिले. दुसरा. तिसरा. बोर्ड वाजत होता, मांड्या जळत होत्या, खालचे सगळे अंग उधळल्यासारखे उडत होते आणि वर, खांद्यांपाशी, विलक्षण शांतता होती. एका वरंब्याने तिला उडवले. हवेत असताना हात मागे जाऊ पाहत होते. तिने ते पुढे ठेवले. उतरली. डळमळली. एक हात बर्फाला लागला आणि कातड्यातून धूर निघाल्यासारखा बर्फ उडाला. तोल परत आला. शिट्टी समोर होती. शिट्टी कानात होती.

होरो बाजूला व्हायला थोडा उशीर झाला. दोघे खिंडीत एकमेकांवर पडले.

मग होरोने तोंडातली शिट्टी काढली, तिचा एकेक हात पाय चाचपून पाहिला आणि तिच्या मोकळ्या पाठीकडे बघितले.

"बोर्ड?"

"बाबा घेऊन गेला."

ढग खिंडीवरून वाहत होता. होरो डावीकडे, कड्याच्या दिशेला, ऐकत राहिला. काही पडल्याचा, आपटल्याचा आवाज आला नव्हता, तिलाही नाही.

"उजवा पाय पुढं?" त्याने विचारले.

"हो."

"मग पोचला असेल," तो म्हणाला आणि थर्मासचे झाकण फिरवू लागला.

ते झोपडीत पोचले तोवर पाऊस सुरू झाला होता आणि वरून खाचेतला बर्फ कोसळल्याचा आवाज दोनदा आला होता. आत मटणाचा वास होता. शिडी तुळईला लावलेली होती, माणसे भिंतींशी उभी होती, आणि दोघांचे रिकामे हात बघून सगळ्यांनी एकदम बशांमध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

नोरीन स्वयंपाकघरातून आली. तिने होरोकडे पाहिले. होरो बूट काढू लागला. तिने ब्रायडीकडे पाहिले, खूप वेळ, आणि काय झाले ते विचारले नाही.

"उभी राहिलीस बोर्डावर?"

"हो."

"पडलीस?"

"शेवटी. अंकल होरोवर."

"ते पडणं नव्हे," नोरीन म्हणाली. तिने ब्रायडीचे हात पुढे ओढले आणि ते कातडी मोजे एकेक करून उतरवले. आतली ओली लोकर जमिनीवर पडली. उजव्या तळव्यावरचे कातडे घासून पांढरे झाले होते. तिने त्यावरून अंगठा फिरवला, मोजे पिळले, आणि ते घेऊन कुणी धरायच्या आत शिडी चढली. एका खिळ्याला एक, दुसऱ्याला दुसरा. शेगडीची ऊब नेमकी तिथे लागत होती.

खाली उतरून तिने हात एप्रनला पुसले.

"हे टांगलेले नाहीत, वाळत घातलेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. मग ब्रायडीकडे वळून, हळू, "जूनमध्ये दोर सुरू झाला की काढून घे."

माणसे बाकांवर बसू लागली. मोज्यांमधून शेगडीच्या पत्र्यावर थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंब चुर्रकन वाजत होता. बाहेर, पावसात, छपरावर कुणीतरी चालल्यासारखे वाटत होते. किया असतील. ब्रायडीने वर बघितले नाही. तिने समोरची बशी पुढे ओढली.