नकारनोंद

दार अण्णांनीच उघडलं. केतकीला नखशिखान्त न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कोणाकडं आलात?"

केतकी हुद्दारच्या हातातली पिशवी खालीच पडली. सांभाळायला बाई ठेवून दोन आठवडे कामासाठी बंगळूरला काय गेली, जन्मदाता बाप ओळख विसरला! अण्णांना विस्मरणाचा आजार होता खरा. पण कानामागं बसवलेल्या 'स्मृतिसाथी'मुळं माणसं, औषधं, पत्ते ते बिनचूक सांगत. आणि त्या यंत्राचा गाभा, म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो मूळ प्रोग्राम, लिहिणाऱ्यांत खुद्द केतकी होती.

तिनं कंपनीतल्या वरिष्ठांना, जहागीरदार सरांना, फोन लावला. "सर, माघारदोष आहे. आधी चालत होतं ते नव्या आवृत्तीत बिघडलंय. अण्णा मला ओळखत नाहीत."

"तुझे एकटीचे अण्णा नाहीत," सर म्हणाले. "आठवड्यात नव्वद तक्रारी आल्यात. कुणाला बायको ओळखू येत नाही, कुणाला मुलगा."

फोन चालू ठेवूनच तिनं बैठकीत लॅपटॉप उघडला. ही परकी बाई हक्कानं बसलेली अण्णांना आवडलं नाही, तरी त्यांनी पाणी आणून दिलं.

नाव दिलं की त्या नावाचं माणूस कुठं आहे हे शोधून देणारा एक थर गाभ्यात असतो. ते सापडलं नाही, तर तो 'नाही' अशी नकारनोंद ठेवतो. पुन्हा शोधायचे कष्ट वाचतात, पण नोंद असेपर्यंत यंत्र ते माणूस आठवूनही देत नाही. जुन्या आवृत्तीत ही नोंद रोज पुसली जाई. नव्या आवृत्तीत बॅटरी वाचवायला कुणा शहाण्यानं ते पुसणंच काढून टाकलं होतं. केतकीनं त्या शहाण्याचं नाव पाहिलं. नाव तिचंच होतं. ती गेल्यावर अण्णांनी तिच्या खोलीत डोकावून हाक मारली असणार. केतकी: नाही. विषय संपला.

काढलेल्या सहा ओळी तिनं परत घातल्या आणि दुरुस्ती आधी अण्णांच्या यंत्रात चढवली.

"अगं केतू! कधी आलीस?"

तिला रडूच फुटलं. "ओळखलं, सर!"

"शाब्बास! मग ही दुरुस्ती सोडतो सगळ्यांना. चाळीस हजार यंत्रं आहेत."

अण्णा लगबगीनं स्वयंपाकघराकडं निघाले होते. "मालती, अगं केतू आली बघ!"

मालती म्हणजे केतकीची आई. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. पूर्वी अण्णा रोज सकाळी तिला शोधत, ती गेल्याचं रोज कुणीतरी सांगे, आणि रोज ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळत. तीन आठवड्यांपूर्वी नवी आवृत्ती आली आणि त्यांचं विचारणं थांबलं. केतकीला वाटलं होतं, दुःख निवलं अखेर. पण कोण जिवंत आहे आणि कोण नाही, हे गाभ्याला कळत नाही. त्याला फक्त नावं कळतात.

"सर, थांबा! सोडू नका!"

"का? अगं, तिकडं माणसं पोटच्या पोरांना घराबाहेर काढतायत. सोडू की नको, एकदाच काय ते सांग."

अण्णा परत आले. चेहरा पार उतरला होता.

"केतू, मालती कुठाय गं?"