भरून आलेला बोळ

मणेरांचा बोळ शेवटी बंद झाला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. बोळ उघडा आहे आणि वत्सलाकाकू विरजणाची वाटी घेऊन त्यातून चालल्या आहेत.

मिरज तेव्हा पसरत पसरत कवठे महांकाळच्या पलीकडे गेलं होतं, कारण तिथे रस्ते आता बांधत नसत, ते उगवत. त्यांना अंकुररस्ते म्हणत. सिमेंटमध्ये जिवंत जिवाणू. गाड्यांची ऊब मिळेल तिकडे रस्ता वाढे. अडचण एवढीच की वाढीचा गुण झाडाचा घेतला होता, आणि फुटलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. शेजारच्या पानावर जायचं तर मुंगीला खोडापर्यंत उतरून परत चढावं लागतं. काकूंच्या मागच्या दारासमोरच राबियाभाभींचं मागचं दार होतं. बोळ नसता तर हे अंतर गाडीने दीड तास.

ज्या मृण्मयी हुपरीकरने हा उगवणारा रस्ता शोधून काढला, ती याच बोळात लंगडी खेळून मोठी झाली होती. दोन्ही भिंतींतून पुढे सरकणारा करडा थर तिने काकूंना दाखवला.

"काकू, रस्त्याला बोळ म्हणजे जखम वाटते. ही त्याची खपली."

"तूच जन्माला घातलास ना त्याला? मग दटाव की!"

"ऐकत नाही. पण खपली खाजवत राहिलं की जखम भरत नाही. तुम्ही चालत राहा."

मग काकू आणि राबियाभाभी दिवसभर बोळातून चालू लागल्या. एक इकडून, एक तिकडून. गप्पा हप्त्याहप्त्याने व्हायच्या.

"सून आली माहेराहून," असं म्हणून भाभी पुढे जात. पुढच्या फेरीला, "एकटीच आली."

"का गं?" हे त्याच्या पुढच्या फेरीला.

पूर्वी काकू भाभींच्या ओट्याला टेकून शेंगा सोलत बसायच्या, चहा आटून काढा होईपर्यंत. आता मैत्रिणीकडे जायची वाट शाबूत होती, फक्त जायला सवड नव्हती.

एका दुपारी भाभी बोळाच्या मधोमध खाली बसल्या.

"वच्छे, गुडघा गेला. तू चाल."

काकूंनी खपलीकडे पाहिलं, भाभींकडे पाहिलं, आणि पदर खोचून शेजारी बसकण मारली. "सुनेचं काय झालं ते आधी सांग. पहिल्यापासून."

सगळं सांगून झालं. हसून झालं, थोडं रडूनही. खपली खांद्याला लागली तशा दोघी एकमेकींना धरून उठल्या आणि सवयीने आपापल्या दाराने घरी गेल्या.

संध्याकाळी तिथे गुळगुळीत भिंत होती.

मृण्मयीने स्वतःच्याच विभागाला कळवलं: सदर शहरास, दोन मागील दारांच्या दरम्यान, दोन बायका ऐसपैस बसतील एवढ्या रुंदीची एक जखम करून मिळावी, व ती कोणत्याही परिस्थितीत बरी होऊ देऊ नये, ही नम्र विनंती.