बोरमाळाचा खोटा हिरवा रंग

दोरीवर इवलीशी झबली वाळत होती, पण त्या झबल्यांत मावेल असं एकही पोर बोरमाळाच्या वस्तीवर दिसत नव्हतं. टेहळ्या नावाचा यंत्रमानव उन्हात उभा राहून याच कोड्यात पडला होता. तसा तो हुशार होता, फक्त लबाडी ओळखण्यात कच्चा.

उत्तर दारात उभ्या असलेल्या भिवरा नावाच्या मुलीला ठाऊक होतं. टेहळ्या डोळ्यांची पाहणी करायला येणार म्हणताच वस्तीवरच्या आयांनी डोळे चिकटलेली सगळी लहान मुलं टेकडीमागच्या मेंढवाड्यात धाडली होती. पाहुण्यांपुढे शोभा नको. भिवराचा धाकटा भाऊ बिरूही तिथेच होता.

"काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?" टेहळ्याने विचारलं.

"म्या आन् ही भिवरा," आई जमिनीकडे बघत म्हणाली.

टेहळ्याने अलगद दोघींच्या पापण्या उलटवून पाहिल्या. तो खुपरी (पापणीच्या आत दाणे आणणारा, हळूहळू आंधळं करणारा संसर्गजन्य रोग) शोधत होता. काहीच सापडलं नाही. त्याच्या छातीवरच्या नकाशात बोरमाळ आणखी हिरवा झाला.

"तू तर थोडीच घरं बघतूस. मग समद्या माळाचं कसं कळतं?" भिवराने विचारलं.

"आई आमटी चाखते, तेव्हा पातेलं संपवते का?"

"न्हाई. ढवळती आन् पळीत जरा घेती."

"तसंच. थोडी माणसं तपासायची, त्यांना नमुना (सगळ्यांच्या वतीने तपासलेले थोडे) म्हणतात. घरं मी मनाने निवडत नाही, चिठ्ठ्या टाकून काढतो. तेच आमचं ढवळणं."

"आन् हिरवं म्हंजे चांगलं ना?"

"हिरवं म्हणजे इथे औषध नको. औषधाचं विमान फक्त लाल भागांत उतरेल."

भिवराला आजोबा आठवले. खुपरीने आजोबांच्या पापण्या आत वळल्या होत्या आणि केस बुबुळावर घासून घासून त्यांची नजर गेली होती. बिरूचंही तसंच झालं तर? आई डोळे वटारत होती. भिवरा घाबरली, तरी बोललीच.

"आयेनं पळीतलं मीठच काढून ठिवलंय. बिरू मेंढवाड्यात हाय. समदीच ल्हान पोरं तिथं हायती."

आईचा चेहरा उतरला. "लोक म्हणत्याल, हिला पोराचं त्वांड धुवायची अक्कल न्हाई. पर पाणी कुठाय? हवेतनं पाणी काढणारं यंत्र पिण्यापुरतंच देतंय."

"तेही मला कळायला हवं," टेहळ्या म्हणाला. "चिकट तोंडावर बसणाऱ्या माश्या आणि सगळ्यांत मिळून एकच टॉवेल, यांतूनच रोग पसरतो. औषधाबरोबर पाणीही लागेल. पण मुलं लपवलीत, तर यातलं काहीच येणार नाही."

आईने पदर खोचला. मग उंचवट्यावर चढून तिने मेंढवाड्यात पोरं राखणाऱ्या शेजारणीला हाळी दिली, "सोनाबाय, पोरास्नी घिऊन खाली ये. समद्यांस्नी."

बिरूच्या पापणीत दाणे निघाले. चिठ्ठीत आलेल्या प्रत्येक घरी टेहळ्या पुन्हा जाऊन आला. बोरमाळ आधी पिवळा पडला, मग लालभडक झाला.

"औषध वेळेवर मिळालं, तर पापण्या आत वळत नाहीत," टेहळ्या म्हणाला. "पुढच्या वर्षी मी नव्या चिठ्ठ्या टाकून येईन."

बिरूने चोळून चोळून लाल केलेले डोळे आईकडे वळवले. "तवा बी मला लपवायचं का गं?"

"न्हाई," आईने पदराने त्याचं नाक पुसलं. "तवा त्वांड धुऊन उंबऱ्यावर बसायचं. अगदी म्होरं."