तटावरचा दुसरा फेरा

ग्योटिंगेनच्या जुन्या तटावर लिंडेनच्या झाडांखालून गावाला पुरा वळसा घालणारी वाट आहे. विद्यापीठातली माणसं अडलेली गणितं घेऊन तिथेच चालत. गणितातली डॉक्टर अल्मुटही बाबागाडी ढकलत चाले. पण १९२४ च्या उन्हाळ्यातल्या त्या दुपारी तिचा सहकारी ताम्मो ब्रुंकेन याने गाडी तिच्या हातून काढूनच घेतली. तिचं प्रमेय पुरं झाल्याशिवाय त्याचं पदार्थविज्ञान पुढे सरकत नव्हतं, आणि पाच महिन्यांची वीब्के आईला दोन ओळी लिहू देत नव्हती.

“लेकीला मी फिरवतो, डॉक्टरीणबाई. तुम्ही तेवढं विश्व उरकून घ्या.”

बिनपगारी शिकवणाऱ्या अल्मुटला असा वेळ चोरूनच मिळे. तटाच्या पायथ्याशी बाकावर बसून ती भराभर मांडत गेली. अवकाशाला विशिष्ट पीळ असेल, तर त्यातून फेरा घालून आलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटी होऊन येईल. दुसऱ्या फेऱ्यात पुन्हा सुलटी. शेवटची ओळ जुळली तेव्हा तिने तिच्याखाली आनंदाने दोन रेघा ओढल्या.

ताम्मो उतरला तो वैतागलेला. दुकानांच्या पाट्याच वाचता येईनात, ऊन लागलं असावं, असं काहीतरी पुटपुटत होता. अल्मुटची नजर त्याच्या भांगावर गेली. भांग दुसऱ्या बाजूला होता.

ती गाडीवर वाकली. वीब्केच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर होता. तिने इवल्याशा छातीला कान लावला. ठोके उजवीकडे होते.

तिला हसू आवरेना. आत्ता कागदावर लिहिलेली ओळ तिच्यासमोर लाळ गाळत पडली होती. तिने ताम्मोला घडाघडा सगळं सांगितलं. तो आपलाच भांग चाचपत राहिला.

मग वीब्के भुकेने रडायला लागली. अल्मुटने तिला शालीआड घेतलं. तिने दूध ओढलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकलं.

शेजारच्या रसायनवाल्याने एकदा सांगितलं होतं, दुधातल्या साखरेच्या कणालाही डावं-उजवं असतं, हातमोज्यासारखं. अल्मुटचं हसू विरलं. लेक उलटी झाली होती, दूध सुलटंच होतं; या पृथ्वीवरचा एकही घास आता तिच्या अंगी लागणार नव्हता.

“पुन्हा जा,” ती म्हणाली. “त्याच वाटेने.”

“आणि काही झालंच नाही तर?”

“प्रमेय बरोबर आहे.”

“मग तुम्हीही चला की.”

“मी आले तर मीही उलटी होईन, ताम्मो. मग हिला पाजणार कोण?”

गाडी वर गेली. रडणं झाडांआड दूर दूर गेलं, मग ऐकूच येईना. अल्मुट जागची हलली नाही. प्रत्येक ओळ तिने पुन्हा तपासली. चूक नव्हती.

चाकं करकरली.

ताम्मोचा भांग जागेवर होता. तीळ डाव्या गालावर. ठोके डावीकडे.

अल्मुटने लेकीला उराशी कवटाळलं. स्वतः हसत होती, रडतही होती.

ताम्मो तिच्याकडे बघत राहिला.

“तुम्ही माझ्याआधी कशा पोचलात?” त्याने हळूच विचारलं. “आत्ता वाटेत पलीकडच्या बाकावर तुम्हीच तर हिला पाजलंत, तिथल्या पाट्याही मला नीट वाचता येत होत्या. हिला परत द्यायला तुम्ही तयारच नव्हतात.”

अल्मुटने शाल बाजूला केली. वीब्केने तोंड फिरवलं. तिचं पोट टम्म होतं. ओठांच्या कडेला दूध होतं, अजून कोमट.