खेकड्याचे दात

बेसबॉलचा पाचवा डाव, भोंग्यावरून:

"मंडळी, पावसानं खेळ थांबलाय. तोवर भिंतीवरच्या आपल्या संघाच्या चिन्हाला, या खेकड्याला बघून घ्या. सहा धावांनी मागे आहोत आणि हा हसतोय! आणि ते दात... खेकड्याला दात? दंतवैद्याच्या पाटीवरून उतरून आलाय का हा—"

खर्रर्र. भोंगा बंद.

निवेदिकेच्या खोपटाचं छप्पर गळायला लागलं होतं. योकास्ता कागद डोक्यावर धरून धावत सुटली आणि दिसला त्या पहिल्या पत्र्याखाली शिरली. तो आडोसा धावफलकाचा होता.

"सावकाश! शून्यावर पाय देताय."

तिनं खाली बघितलं. आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या जमिनीवर मांडलेल्या होत्या. पलीकडे एक उंच, सावळा तरुण उकिडवा बसला होता.

"असू दे. आपल्या संघाकडे शून्यांना काय तोटा?"

तो हसला. तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. ही तिची शाळेपासूनची सवय.

"खेकडा अगदीच आवडत नाही वाटतं तुम्हाला?"

"कोणाला आवडेल? एक म्हणजे पाय. नांग्या धरून दहा हवेत, याला आठच."

"दोन मागे आहेत. पळतोय तो."

"खेकडा तिरका पळतो. हा तर जेवणाची घंटा ऐकल्यासारखा समोरून अंगावर येतोय! दुसरं म्हणजे पापण्या. इतक्या लांब पापण्या माझ्या मावशीनं स्वतःच्या लग्नातही लावल्या नव्हत्या. टोपी तर काडीवर वाळत घातल्यासारखी. आणि दातांमधली ती फट... चेंडू जाईल त्यातून!"

तो कान खाजवायला लागला. कानामागे नारिंगी रंगाचा डाग होता. खेकड्याच्याच रंगाचा.

"अरे देवा," योकास्ता म्हणाली. "तुम्ही?"

"एलिसेओ. पाट्या रंगवतो. रविवारी आकडे टांगतो."

"मग सांगा, दात कुठून आणलेत?"

"मला मनानं चेहरा काढता येत नाही. बघितलेलाच काढतो."

"म्हणजे हे कोणाचे तरी आहेत? कोण बिचारी ती?"

एलिसेओ तिच्याकडे बघत राहिला. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता... मग एकदम थांबला.

"बिचारी नाहीये ती," असं म्हणून तो शिडीवर चढला आणि पाहुण्यांच्या रकान्यात तीनच्या जागी चुकून आठ टांगून आला.

सहावा, सातवा, आठवा. पुढच्या तीन रविवारचेही सगळे डाव:

"धावफलकवाल्यांनी इकडे बघू नये, खेळाकडे बघावं."

"धावफलकवाल्यांनी पाहुण्यांना फुकटच्या पाच धावा दिल्यात. मन मोठं आहे, गणित कच्चं आहे."

प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. फलकाच्या कोपऱ्यात कधी पेरू ठेवलेला असायचा, कधी नारळाची वडी... सामना संपला की योकास्ता ती घ्यायला जायची आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

खेकड्याची थट्टा मात्र तिनं सोडली नाही. लोक हसायचे ना!

त्यानंतरचा बुधवार, मावशीचं स्वयंपाकघर:

मेर्चामावशी नारळाच्या दुधात खेकडे शिजवत होती.

"एलिसेओचं असंच आहे," ती म्हणाली. "खाटकाच्या पाटीवरचं डुक्कर बघ, हुबेहूब खाटीक. न्हाव्याच्या आरशावरची परी म्हणजे न्हाव्याची सासू, मिशीसकट."

"आणि खेकडा कोण?"

मावशीचा डाव पातेल्यातच थांबला. "अगं... तुला माहीत नाही?"

तिनं पातेल्याचं लखलखीत झाकण पुसून भाचीसमोर धरलं. "हस. हात काढ आधी!"

योकास्ता हसली. झाकणात खेकडा हसला.

"आम्हाला वाटलं, पोरगी स्वतःचीच थट्टा करतेय! अख्खं गाव म्हणत होतं, राजधानीत वाढलेली, पण मनाची किती मोठी!"

मग योकास्ताला आठवलं. तीन महिन्यांपूर्वी ती गावात आली, तो बाजारातला पहिला दिवस. पोत्यातून एक खेकडा सुटला आणि तिच्या झग्यावर चढला. बायका किंचाळल्या, ती खदाखदा हसत सुटली. दोन्ही हात पोत्यात गुंतले होते. तोंड झाकायला हातच नव्हता.

कोणीतरी लांबून बघितलं होतं तर...

रागवावं म्हणून ती उठली. राग येईना.

तेवढ्यात दारात संघाचे अध्यक्ष डॉन नेरेओ. टोपी हातात, चेहऱ्यावर समाधान.

"योकास्ता, तुझ्यामुळे डोळे उघडले बघ! रविवारी भिंतीला चुना. राजधानीतून नवं चिन्ह मागवलंय. गंभीर, दातबीत काही नाहीत."

"चुना... कोण लावणार?"

"गावात रंगारी एकच आहे की."

"पण डॉन नेरेओ—"

"बोल ना."

बोलायचं म्हणजे ते दात कोणाचे हे सांगायचं. तिनं तोंडावर हात ठेवला. ते निघून गेले.

रविवार, पहिला डाव:

एलिसेओ शिडीवर होता. पाय आधी पुसले होते, मग नांग्या, मग टोपी. हसू शेवटपर्यंत ठेवलं होतं. आता कुंचला तिथेच येऊन थांबला होता आणि डॉन नेरेओ खालून ओरडत होते, "अरे, मार की हात!"

भोंगा खरखरला.

"मंडळी, एक दुरुस्ती. खेकड्याचे दात चांगले आहेत. कोणाचे आहेत, ते..."

खर्रर्र. भोंगा बंद.

मग ती खोपटातून बाहेर आली. मैदान ओलांडून थेट भिंतीपाशी. लोकांकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरले... आणि हसली. फटीसकट.

आधी मावशीनं टाळी वाजवली. मग सगळं मैदान उठलं.

डॉन नेरेओंनी भिंतीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे. "हात्तिच्या! मला कोणी सांगितलंच नाही!" ते गुरगुरले. "असू दे तर मग. पाय काढ परत."

"किती काढू?" एलिसेओनं विचारलं. त्यांना नव्हे, तिला.

"दहा. आणि उजवा दात मोठा झालाय."

"लांबून बघितला होता ना."

"मग..." तिनं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. हात अजून पाठीमागेच होते. "खाली ये. जवळून बघ."

कुंचला चुन्याच्या बादलीत पडला.

त्या दिवशी खेकडे जिंकले की हरले, यावर गावात अजून वाद आहे. आकडे टांगणारा माणूस जागेवर नव्हता.